भेंडीतल्या अळ्या

आमच्या घरात चातुर्मासात कांदा शिरत नसे, आणि मी दर रविवारी सकाळी अळ्यांचा डबा पिशवीत घालून तलावावर जात असे. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मीही दारव्ह्याला कचेरीतच. मासे धरणारा घराण्यातला पहिला मीच, आणि बायकोने हे कधी कोणाला कळू दिलं नाही.

हा नाद मला लावला माझ्या शाळेपासूनच्या मित्राने. त्याचं बियाणं-औषधांचं कृषी केंद्र होतं. दुकानामागे रंगाच्या जुन्या डब्यात तो कोंबडीची आतडी टाकून ठेवायचा. माश्या बसायच्या, आणि चार-पाच दिवसांत डबा पांढऱ्या अळ्यांनी वळवळू लागायचा. मग त्या कोंड्यात ठेवायच्या, म्हणजे वास कमी होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरच ओकलो होतो. त्याने ते पुढे वीस वर्षं लोकांना रंगवून सांगितलं, आणि मला त्याचा राग कधी आला नाही.

जिवंत आणि मेलेल्या अळीतला फरकही त्यानेच शिकवला. जिवंत अळी गळावर वळवळते, बारक्या मासोळ्या टोचून टोचून ती संपवून टाकतात. मोठा रोहू हवा असेल तर अळी कढत पाण्यातून काढायची. ती ताठ होते, तिचा रंग विटतो, आणि ती सरळ तळाशी जाऊन बसते. आम्ही दोघं काठावर तासन्‌तास न बोलता बसायचो. सख्ख्या भावाशी मला असं बसता आलेलं नाही.

धरलेले मासे घरी नेणं शक्यच नव्हतं. परतीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा तांडा लागायचा, तिथे मी ते याडीला द्यायचो. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सगळा तांडा तिला याडी म्हणे, मीही म्हणू लागलो; मला ते बाबूजी म्हणत. माझ्या वडिलांचं चार एकर वावर ती आणि तिचा मुलगा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करायचे.

त्या वर्षी पेरणीआधी याडीच्या मनात अर्ध्या वावरात तूर आणि ज्वारी टाकायची होती. मला मात्र मित्राने सांगितलं होतं की त्याच्याकडच्या या बियाण्याला अळी शिवतच नाही, सगळा कापूसच लाव. मी तिला तसं सांगितलं. ती गप्प राहिली तेव्हा म्हणालो, ‘‘मी सांगतोय ना याडी. पुढं काही वाटलं तर त्याच्याच दुकानात नेऊन दाखव. माझा माणूस आहे.’’ वावरात वर्षातून दोनदा जाणारा मी, जन्म मातीत घातलेल्या बाईला शेती शिकवत होतो. तिने चारही एकरांत कापूस लावला.

पोळ्याच्या सुमाराला मित्राचा डबा बदलला. आतड्यांतल्या अळ्या बंद झाल्या. आता तो घरूनच कढत पाण्यातून काढलेल्या, फिकट अळ्या आणू लागला. नेहमीच्या अळीला ना डोकं ना पाय. यांना तपकिरी डोकं होतं, बारीक पाय होते. मी विचारलं तर तो म्हणाला की भेंडीतल्या आहेत, रोहूला आवडतात. रोहूला खरंच आवडत होत्या. दोन महिने आमचे गळ रिकामे निघाले नाहीत. मी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून शेकड्यांनी त्या अळ्या गळाला लावल्या, आणि एकदाही नीट पाहिल्या नाहीत. माझं लक्ष पाण्याकडे होतं.

दसऱ्यानंतर कापसाच्या पहिल्या वेच्याला मी वावरात गेलो. पऱ्हाटी कमरेइतकी, बोंडांनी लगडलेली. मी खूश झालो. याडीने एक बोंड तोडलं, अंगठ्याच्या नखाने उकललं आणि माझ्यासमोर धरलं. आत कापूस सडून पिवळा झाला होता, आणि त्यात एक गुलाबी अळी होती. डोकं तपकिरी.

मी म्हणालो, ‘‘ही भेंडीतली अळी कापसात कशी आली?’’

याडीच्या मुलाने बांधावर चहाचं आधण ठेवलं होतं. मी पेल्यात कढत पाणी घेतलं आणि अळी त्यात टाकली. ती ताठ झाली. गुलाबी रंग विटला. आता ती डब्यातल्या अळ्यांसारखीच दिसत होती. तिला काही न सांगताच निघून आलो.

रविवारी मित्र माझ्या आधीच काठावर येऊन बसला होता. मी त्याचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि या कुठल्या म्हणून विचारलं. त्याने गळावरची नजर काढली नाही.

‘‘लोक आणून दाखवते न दुकानात,’’ तो म्हणाला. ‘‘कळ्या, बोंडं. फेकून देण्यापेक्षा...’’

‘‘लोकांना काय सांगितलंस?’’

‘‘काही नाही म्हनून सांगतलं. खरं सांगतलं असतं त दुकान फोडलं असतं त्यायनं.’’

‘‘आणि मला?’’

‘‘तुले काय फरक पडते बे? तुयी त नोकरी आहे.’’

तेव्हाच कळ्या खुडून जाळल्या असत्या, तर पुढचं पीक थोडंफार वाचलं असतं. हे त्याला माहीत होतं. दर रविवारी माझ्या शेजारी बसून तो ते मनात ठेवत होता. मला संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, की मी या माणसावर इतकं प्रेम केलं. गळ तिथेच टाकून मी निघालो. पुन्हा त्या तलावावर गेलो नाही.

तांड्यावर जाऊन याडीला सगळं सांगितलं. अळ्या कुठल्या, दुकानात काय चालत होतं, मी कसा बावळट ठरलो. मला वाटलं, ती त्याला शिव्या घालेल आणि मला थोडं हलकं वाटेल.

ती वेचलेला कापूस निवडत होती. हात थांबले नाहीत.

‘‘पोळ्याच्या आंधी मीच नेल्या होत्या त्याच्या दुकानात कळ्या,’’ ती म्हणाली. ‘‘मिटलेल्या, गुलाबाच्या कळीवानी. पदरात बांधून नेल्या. तुमीच म्हनलं होतं न, दाखवजो म्हनून. तो म्हने काई नाई याडी, ठेवून जाय.’’

मी माझ्या अंगठ्याकडे आणि बोटाकडे पाहिलं.

‘‘मंग त्याच लावल्या असतीन तुमी गळाले,’’ ती म्हणाली. ‘‘अन्‌ ते मासे आमीच खाल्ले. नातू म्हने, बाबूजी लय चांगले हायेत.’’