कुंताबाईनं वाटलेल्या गोळ्या

त्या दिवशी सकाळीच कुंताबाई धानाच्या बांदीतल्या चिखलातून उठून धुऱ्यावर, बांधावर बसली. माही मोठी जाऊ ते. आमच्या सानगडी गावात धान रोवणाऱ्या बायांची पुढारी. उन्हात बसूनबी तिचे दात वाजून राहिले होते. मी हात लावला तं अंग तव्यावानी.

"बाई, चला दवाखान्यात."

"हे बांदी होऊ दे वं चंदा. मी उठली तं साऱ्या बसतीन."

लघवीची जळजळ तिले रोवणा लागला तवापासून. बांदीत बाया पाणीच नाई पेत, चारीकडून उघडं, जावं कुठं? साकोलीच्या डाक्टरनं लघवी तपासून गोळ्या देल्ल्या, पुऱ्या संपवजा म्हणे. जळजळ थांबली अन् हिनं सोडल्या. उरलेल्या बांदीत आणल्या. आमच्यात भाजी वाटतेत, तंबाखू वाटतेत, तशी गोळीबी वाटतेत. संगं रोवणाऱ्या कौशल्याबाईचा कान वाहत होता, तिले देल्ल्या.

"खा वं, माही जळजळ गेली, तुहा कानबी सुकन."

बाया हासल्या, "कुंता डाक्टरीण!" तेबी हासली. कोनाचं दुखणं पाहूच शकत नव्हती ते.

मंग तिची कंबर दुखली, ताप आला. वाकून दुखते म्हणे.

शेवटी त्या दिवशी धुऱ्यावरून भासऱ्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, उचलूनच गाडीत टाकलं. साकोलीच्या डाक्टरनं विचारलं, "गोळ्या पुऱ्या केल्या का?" बाईनं मान हालवली, नाई. इन्फेक्शन किडनीत गेलं, रक्तात गेलं म्हणे, भंडाऱ्याले न्या. रस्त्यात मले म्हणे, "रोवायचे परे सुकतीन वं." भंडारा आलं, बाई नाई उरली.

तेरवी झाली अन् आमी पुन्हा बांदीत उतरलो. कौशल्याबाईचा कान पुन्हा वाहून राहिला होता.

"चंदा, घरी एखादी गोळी पडली हाय का?"

"हाय. नाई देत. साकोलीले चल."

"रोवणा सोडून?"

"सोडून."

बसमध्ये फुगून बसली. "तू तं माही सासूच झाली."

"झाली. उतर आता."

डाक्टरनं बत्ती लावून कान पाह्यला. कोनत्या औषधानं अंगावर पुरळ येते का, विचारलं. मंगच गोळ्या लिहिल्या, अन् कान सुकला तरी पुऱ्या खा म्हणे.

दुसऱ्या दिवशी बांदीत नत्थूची बायको म्हणे, "माह्या नातीचा कान दुखते, दोन दे वं कौशल्या."

कौशल्याबाई वाकूनच बोलली, "नाई देत. पोरीले डाक्टरले दाखव. बस हाय दुपारी."