दुपारपर्यंत बंद झडप

सगळं गाव जिला वहिनी म्हणायचं, तिचा नवरा गावाच्या सांडपाणी केंद्रात गाळाच्या विहिरीत गुदमरून गेला. त्याला बाहेर काढून तासही झाला नसेल, तोच पाणी समितीच्या अध्यक्षांनी चारचौघांत सांगून टाकलं, "पिऊन उतरला होता. गेला तोल."

त्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण अध्यक्ष गावातल्या डेअरीचे मालक, अर्धं गाव त्यांच्या हाताखाली. लोकांनी माना डोलावल्या. सासू दुकानात गेली की मागून कुजबुज, "दारुड्याची आई." म्हातारीने उंबरा ओलांडणंच सोडलं.

खरं काय ते वहिनीला ठाऊक होतं. त्या सकाळी अध्यक्ष स्वतः दारात आले होते. विहिरीतला पंप तुंबला होता. नवरा म्हणाला, "साहेब, आत हवा सोडायचा पंखा बिघडलाय. दुरुस्त होऊ द्या, मग उतरतो." अध्यक्ष हसले. "आत काय वाघ बसलाय? वास येतो, दुसरं काय! उतर मुकाट्याने."

वहिनीने नवऱ्याची जागा मागून घेतली. लोकांना वाटलं, पोटासाठी. ती मात्र दात-ओठ खाऊन काम शिकत होती. टाकीतली घाण खाऊन पाणी निवळवणारे जंतू तिने जपले, आणि डेअरीचं आंबलेलं, तेजाब मिसळलेलं पाणी त्यांना मारतं हेही पाहिलं. तिने तक्रारी केल्या. अध्यक्षांनी त्या कानाआड केल्या. बरंच झालं, असं ती मनाशी म्हणायची. पापाचा घडा भरू दे.

मग डेअरी पाहायला बाहेरगावचे बडे पाहुणे यायचे ठरले. त्या सकाळी वहिनीने डेअरीचं सांडपाणी केंद्रात आणणाऱ्या नळाची झडप आवळून बंद केली, ती फिरवायचं वरचं चाक काढून पदराखाली घेतलं आणि ओट्यावर शांत बसून राहिली. दुपारी डेअरीचं पाणी उलटं फिरलं आणि अंगणभर पसरलं. पाहुणे बूट हातात घेऊन पळाले.

अध्यक्ष तणतणत केंद्रावर आले. वासाने जमलेलं निम्मं गावही त्यांच्या मागोमाग आलं.

"झडप उघड!"

"अडकलीय ती. विहिरीत उतरून सोडवावी लागेल," वहिनी थंडपणे खोटं बोलली. "माझ्या हातात तेवढं बळ नाही. तुम्ही उतरा."

अध्यक्षांनी शिडीकडे, मग अजून बंदच असलेल्या पंख्याकडे पाहिलं. "मी? वेड लागलंय का तुला?"

"का? आत काय वाघ बसलाय? वास येतो, दुसरं काय!"

"अगं, विषारी वायू असतो आत! पंख्याशिवाय उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं," वहिनी म्हणाली. "आता माझ्या सासूसमोर जाऊन हेच सांगा. तोवर वाहू दे अंगणात."

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. डेअरीतला एकही माणूस त्यांच्या बाजूने पुढे आला नाही. खाली मान घालून ते वहिनीच्या घरी गेले. गाव मागोमाग. दारात उभं राहून त्यांनी म्हातारीला सांगितलं, "तुमचा मुलगा प्यायला नव्हता. नको म्हणत होता, मीच उतरवलं त्याला." म्हातारीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मागे उभ्या गावाला म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

वहिनी केंद्रावर परतली. चाक बसवलं, वरूनच झडप उघडली.

अध्यक्षपद महिन्याभरात गेलं, चौकशी लागली. पण म्हणून वहिनीने माफ केलं असं कोणी समजू नये. डेअरीला आता पाणी स्वच्छ करूनच सोडावं लागतं, आणि तपासायला जाते तीच. जरासा आंबूस वास आला की सगळं पाणी पुन्हा स्वच्छ करायला लावते. मालक हात जोडून उभे राहतात आणि वहिनी पाण्याची बाटली नाकाशी धरून मुद्दाम वेळ लावते.

सासू म्हणते, "पुरे आता गं."

"तुमचं पुरं झालं असेल, आई," वहिनी म्हणते. "माझं नाही."