आधी कळलं पाहिजे

दिघीहून आगरदांड्याला येणाऱ्या फेरीबोटीत तो मला दिसला. मी शाळेच्या प्रशिक्षणाहून परतत होते. स्कूटर लावून कठड्याशी उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय मेव्हणीबाई, ओळख विसरलात?"

तो माझ्या ताईचा नवरा होता. म्हणजे कायद्याने तेव्हाही होताच, कारण घटस्फोटाचा दावा तारखांवर तारखा घेत रेंगाळला होता. ताई त्याच्या मारझोडीला कंटाळून पालीहून आमच्या वाडीत परत आली, तेव्हा तो मागोमाग आला आणि भरदुपारी नारळ सोलत बसलेल्या ताईच्या हातातला कोयता हिसकावून त्याने तिच्यावर वार केले. ती वाचली. मानेवरची खूण पदराखाली झाकते, पण उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, ती झाकता येत नाहीत. त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी सरकारी वकील म्हणाले होते, "आता निर्धास्त राहा." त्यानंतर आमच्याशी कोणीच काही बोललं नाही. आम्हीही धरून चाललो होतो की दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं.

आणि निम्मी शिक्षाही झालेली नसताना तो बोटीत, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्यासमोर उभा होता.

"ताईला सांग, मी आलोय. जरा बोलायचंय," तो म्हणाला. मी स्कूटरकडे वळले. चावी मुठीत घट्ट होती. बोट धक्क्याला लागली तशी मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. तो पायी होता, रिक्षा मिळेपर्यंत थांबणार होता. तेवढाच वेळ माझ्या हातात होता.

ताई अंगणात सुपारी पसरत होती. मी तिला सांगितलं, तो आलाय. आई रडायला लागली. मी फाटक लावून घेतलं, कडी घातली. थोड्या वेळाने ताई उठली, हात धुतले आणि म्हणाली, "आत बसून काय करायचंय? चल, पोलीस ठाण्यात."

ठाण्यातल्या हवालदारांनी आमचं ऐकून घेतलं, दोन फोन केले. "पळून न्हाय आला बाई. संचित रजेवर हाय. कैद्याला मिळते तशी रजा, ठरावीक दिवसांची. रजेत पालीला भावाकडं राहणार, म्हणून चौकशी तिकडच्या ठाण्यानं केली. आमच्याकडं काय आलंच न्हाय."

"मग मला कोणी कळवायचं?" ताईने विचारलं.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला शेजारच्या गावातल्या मित्राच्या घरातून उचललं आणि पालीला पाठवलं. पण ताईचा प्रश्न तसाच राहिला.

तोच प्रश्न घेऊन ती हिंडायला लागली. मी शाळेतून रजा काढून बरोबर जायची. अलिबागला मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयात एक तरुण वकीलबाई भेटल्या. त्यांनी समजावलं, की शिक्षा झाली म्हणजे सगळं संपत नाही. रजा असते, अपील असतं, चांगल्या वागणुकीची सूट असते. त्यामुळे सुटकेची तारीख पुढेमागे होते. हे ताईला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

"तुमची मागणी काय? त्याला रजाच मिळू नये, असं लिहू?" वकीलबाईंनी विचारलं.

मला वाटलं, ताई हो म्हणेल. मी तर म्हटलंच असतं.

"रजा द्यायची की नाही ते सरकार बघेल," ती म्हणाली. "मला आधी कळलं पाहिजे. आणि त्याने आमच्या तालुक्यात पाऊल टाकता कामा नये. एवढंच लिहा."

तसा अर्ज तुरुंगाकडे गेला, दोन्ही पोलीस ठाण्यांकडे गेला. उत्तर येईना. ताई दर थोड्या दिवसांनी ठाण्यात जाऊन बसायची. "आज काही काम आहे का?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "कामच आहे. उत्तर पाहिजे." गावात कुजबुज झाली, की झालं गेलं विसरावं, संसार मोडलेल्या बाईने एवढं ताणू नये. आईसुद्धा एकदा तसंच बोलली. ताई तिला शांतपणे म्हणाली, "आई, मी विसरायला तयार आहे. त्याला कुठे विसरायचंय?"

पुढच्या वर्षी एका शनिवारी सकाळी फोन आला. आम्ही दोघी आंबोळ्या करत होतो. ताईने फोन स्पीकरवर टाकला. ठाण्यातली नवीन पोलीसबाई बोलत होती. "ताई, तुमच्या मिस्टरांनी रजा मागितली आहे. तुमचं म्हणणं नोंदवून घ्यायचंय."

"मिस्टर नाही, कैदी म्हणा," ताई म्हणाली. "येते मी."

तिने जबाब दिला, सगळा, न रडता. त्याला रजा मिळालीच. पण पाली सोडायची नाही, रोज तिथल्या ठाण्यात हजेरी द्यायची, या अटींवर. कोणत्या दिवशी सुटणार आणि कोणत्या दिवशी आत जाणार, ते आम्हाला आधी कळलं. ते दिवस सोपे नव्हते. रात्री ताई दोनदोनदा कडी तपासायची. पण सकाळी नेहमीसारखी बाजाराला जायची, सुपारी विकायची, घासाघीस करायची.

पुढे घटस्फोट झाला. त्याची पूर्ण सुटका अजून व्हायची आहे. वकीलबाई अधूनमधून कोणाकोणाला ताईकडे पाठवतात. मागच्या महिन्यात थळची एक कोळीण आली होती. तिच्या मुलाचा खून झाला, आरोपीला जन्मठेप लागली. ती ओसरीवर बसून सारखी म्हणत होती, "आता काय उरलंय विचारायला?"

ताईने तिच्यापुढे चहा ठेवला. "खूप उरलंय," ती म्हणाली. "तो रजेवर कधी येईल, कधी सुटेल. उद्या ठाण्यात जातेस? मी येते तुझ्याबरोबर."