गोठलेलं खोबरेल

आईच्या अत्तराची बाटली धाकटीला मिळाली आणि मला स्वयंपाकघर मिळालं. जाताना आई एवढंच म्हणाली होती की धाकटीचं लग्न व्हायचंय, तिला असू दे. लग्न माझंही व्हायचं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लाखेनं तोंड बंद केलेली ती गुलाबाच्या अत्तराची बाटली धाकटीच्या ट्रंकेत गेली, आणि परळच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचं सगळं माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी त्यांच्या सुजलेल्या पायांना खोबरेल चोळायचे. तेही बेतानं, कारण त्याच बाटलीत आम्हा दोघींच्या केसांचंही भागवायचं असे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत गोळीबार झाला त्या जानेवारीत बाबांनी अंथरूण धरलं. जन्मभर ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. त्यांची एकच इच्छा उरली होती, आमच्या चर्चच्या पाळकांनी येऊन तेलाचा अभिषेक करावा. पाळक राहायचे गिरगावात, आणि मध्ये कर्फ्यू. वाट पाहून पाहून बाबा म्हणाले, "तुम्हीच करा गं. तेल लावायचं, प्रार्थना करायची. प्रभूला कुणाचाही हात चालतो."

मी लगेच उठले. इतकी वर्षं पाय मी चोळले, तेव्हा कपाळाला तेल लावायचा मान माझाच, यात मला शंकाच नव्हती. पण थंडीनं खोबरेल गोठलं होतं. मी स्टो पेटवला, पाणी तापवलं आणि बाटली त्यात धरून उभी राहिले. तेल सुटलं, वाटीत काढलं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून गुलाबाचा वास आला.

धाकटीनं लाख फोडून सगळं अत्तर बाबांच्या डोक्यावर आणि पायांवर ओतलं होतं. बाबा रडत होते. त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता.

"थोडं ठेवायचंस तरी," मी दारातूनच म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"ठेवलं तर ते अर्पण कसलं, ताई," बाबाच बोलले. "ओतलेलं परत घेता येत नाही, म्हणून तर तो अभिषेक." मग माझ्या हातातल्या वाटीकडे बघून म्हणाले, "ते राहू दे. सकाळी चोळायला होईल."

सकाळी मी चोळलं, त्या अत्तरावरूनच. दुपारी बाबा गेले.

रविवारी उपदेशात पाळकांनी बायबलमधली, बेथानी गावातल्या त्या बाईची गोष्ट सांगितली, जिनं प्रभूच्या पायांवर उंची तेल ओतलं आणि जिची आठवण जगभर सांगितली जाईल असं प्रभू म्हणाला. सांगताना ते धाकटीकडे बघत होते. बायका डोळे पुसत होत्या. बेथानीच्या त्या घरात स्वयंपाकात राबणारी आणखी एक बहीण होती. तिच्याबद्दल पाळक चकार शब्द बोलले नाहीत.

धाकटीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझा हेवा काही गेला नाही. त्या रोजच्या खोबरेलाचं कुणीतरी लिहावं असं फार वाटायचं. कुणी लिहिणार नाही हे कळल्यावर मीच लिहायला बसले. आता सगळं वाचून पाहिलं, तर मीही तिचीच गोष्ट सांगितली आहे.