भांडणाचे सिनेमे

कारखान्यात तिला सगळ्या टाचणी म्हणायच्या. अंगानं तशीच, बारीक आणि ताठ. जिभेनंही तशीच. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात ती कॉलर बसवायची. ते मानाचं काम. शिवण कितीही सरळ असू दे, कॉलर वाकडी तर अख्खा शर्ट वाकडा.

माल परदेशी जायचा. माल घेणाऱ्या कंपनीची माणसं मधूनमधून तपासणीला येत. कामगारांना नीट वागवतात की नाही, हेही त्यांना बघायचं असे. ती माणसं इंग्रजीत विचारणार, मॅनेजरसाहेब मराठीत सांगणार, बाया उत्तर देणार आणि साहेब ते परत इंग्रजीत करणार, अशी रीत होती.

एकदा असेच एक गृहस्थ आले. बंद खिडक्यांकडे बोट दाखवून, कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बोलले. साहेबांनी मान डोलावली आणि बायांकडे वळून म्हणाले, "काम फार सुंदर आहे म्हणतायत."

बाया खूश झाल्या. टाचणी काही झाली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "त्या माणसानं अख्खं थान उलगडलं आणि ह्यांनी त्यातून एक रुमाल काढला. बाकीचं कापड गेलं कुठं?"

"सुंदर म्हणाला ना? मग झालं तर," काजं करणारी तिची मैत्रीण म्हणाली.

"सुंदर म्हणताना कपाळाला आठ्या पडतात होय गं?"

मैत्रीण डबा बंद करून उठली. टाचणीच्या डोक्यात मात्र ते घर करून राहिलं. आपण दरवेळी माना हलवून हो म्हणतो, ते कशाला म्हणतो?

त्याच आठवड्यात तिनं घराजवळचा संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास धरला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, इंग्रजी कशासाठी हवंय? कुणी नोकरीसाठी म्हणालं, कुणी मुलांच्या अभ्यासासाठी. टाचणी म्हणाली, "मला मधला माणूस काढायचाय."

बाई हसल्या. म्हणाल्या, "घरी इंग्रजी सिनेमे बघत जा. सुरुवात सोप्यापासून करा. लहान मुलांचे बघा, प्राण्यांचे बघा."

तिनं तसा एक बघितला. एक अस्वल आणि एक ससा, दोघांची गाढ मैत्री. पुढच्या तासाला ती बाईंना म्हणाली, "कळलं सगळं. पण ससा म्हणतो, चल मित्रा, मध शोधू. मला कारखान्यात मध कुठं शोधायचाय? मला भांडणाचे सिनेमे सांगा."

"भांडणाचे?"

"भांडताना माणूस लहान लहान बोलतो. समोरच्याला कळलं नाही तर तेच पुन्हा बोलतो. शिकायला बरं."

बाई म्हणाल्या, "बघा बापड्या. पण सांभाळून. नुसत्या शिव्या शिकाल."

आणि झालं तसंच. तिनं हौसेनं गुंडांचा सिनेमा निवडला, त्यातलं एक वाक्य घोटून पाठ केलं आणि क्लासमध्ये म्हणून दाखवलं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. बाईंनी कानाशी येऊन अर्थ सांगितला तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. पण क्लास सोडला नाही. पुढच्या तासाला पहिल्या बाकावर येऊन बसली.

नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. त्यानं आपल्या आवडीचा, गाड्यांच्या शर्यतीचा सिनेमा लावून दिला. त्यात सगळा वेळ गाड्या उडाल्या, आणि माणसं बोलली ती फक्त 'पळ' आणि 'वाक'. मग तिनं राजाराण्यांचा लावला. त्यात भांडणं भरपूर, पण ते इंग्रजी राजवाड्याच्या दाराबाहेर चाललं नसतं. असं करत करत एक दिवस तिच्या हाती कोर्टाचा सिनेमा लागला. एक उभा राहून विचारतो, दुसरा बसून उत्तर देतो. उत्तर टाळलं की पहिला तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मध्ये कुणी तोंड घातलं की न्यायाधीश त्याला गप्प बसवतो. टाचणीला जे हवं होतं ते मिळालं. तिनं तो सिनेमा इतक्यांदा बघितला की वकिलाच्या आधी तिचाच प्रश्न तयार असायचा.

सिनेमात खाली बोलण्याची अक्षरं यायची, तिकडे डोळे धावायचे आणि कान झोपायचे. म्हणून तिनं काळ्या कापडाची पट्टी शिवली आणि टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवून टाकली. नवरा म्हणाला, "टीव्हीला परकर नेसवलास की काय?"

"नेसवला. तुम्ही वर बघा."

सासूबाईही शेजारी येऊन बसायच्या. इंग्रजीचा गंध नाही, पण तासभर पापणी लवायची नाही. मध्येच म्हणायच्या, "हा मेला खोटं बोलतोय."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"सारखा पाणी पितोय बघ."

एकदा नवरा जरा गंभीर झाला. "अगं, साहेबांशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? उद्या कामावरून काढलं तर?"

"तर दुसरीकडे कॉलरी बसवीन," ती म्हणाली. "पण न समजता हो म्हणायचं ते आता बास."

पुढच्या तपासणीला एक बाई आल्या. सपाट चपला, हातात पेन. लाइनीतून चालत चालत त्या टाचणीच्या मशीनपाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं. वाक्य मोठं होतं, पण टाचणीच्या कानानं त्यातले दोन शब्द पकडले. वॉटर आणि स्टॉप. पाणी प्यायला मशीन थांबवू देतात का, असं विचारणं चाललं होतं.

साहेब म्हणाले, "मॅडम विचारतायत, काम आवडतं ना?"

शेजारच्या बायांनी सवयीनं माना हलवल्या. साहेबांनी इंग्रजीत तोंड उघडलं, तेवढ्यात टाचणी उभी राहिली.

"नो," ती म्हणाली. "शी आस्क वॉटर. नो वॉटर. मशीन नो स्टॉप."

क्लासमध्ये शिकलेलं व्याकरण कुठल्या कुठं पळालं होतं. साहेब हसत हसत मध्ये पडले आणि बाईंना घाईघाईनं काहीतरी सांगू लागले. टाचणीनं त्यांच्याकडे वळून, अगदी कोर्टातल्यासारखं सावकाश म्हटलं, "लेट मी फिनिश, सर."

मला बोलणं पुरं करू द्या. सिनेमातल्या वकिलाचं हे वाक्य तिनं इतकं घोटलं होतं की ते एकटंच बिनचूक बाहेर आलं. पाहुण्या बाईंनी साहेबांपुढे तळहात धरला आणि टाचणीकडे मान वळवली. मग तिनं सांगितलं. खिडक्यांना खिळे मारलेत. मागच्या दाराला दिवसभर कुलूप असतं. शब्द संपले तिथं तिनं बोटानं दाखवलं. दार म्हणजे डोअर हेसुद्धा त्या क्षणी तिला आठवलं नाही. ती सरळ चालत गेली आणि कुलूप हातात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"त्यांनी विचारलं म्हणून बोलले."

"सिनेमे बघून इंग्रजी येतं होय?"

"मी काय बोलले ते तुम्हाला कळलं ना, साहेब?"

साहेबांनी तिला कॉलरीवरून उठवलं आणि दोरे कापायच्या टेबलापाशी उभं केलं. दिवसभर उभ्यानं शर्टाचे लोंबते दोरे कापायचे, नवशिक्या पोरींचं काम. पाय सुजायचे. मैत्रीण म्हणाली, "काय मिळवलंस गं?" त्या दिवसांत टाचणीलाही ते नीट सांगता आलं नसतं.

पण खिडक्यांचे खिळे निघाले. पाण्याचा पिंप लाइनीच्या तोंडाशी आला. मागचं कुलूप गेलं. पुढच्या तपासणीला माल घेणाऱ्या कंपनीनं स्वतःची दुभाषी आणली आणि साहेबांना बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर साहेबांनी तिला गोडीत विचारलं, "कॉलरीवर परत येतेस? फक्त पाहुण्यांसमोर तोंड मिटून ठेव."

"मग राहू द्या," टाचणी म्हणाली. "इथं उभ्यानं मागचं दार चांगलं दिसतं."

ती दोरेच कापत राहिली. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबिणीला वाकड्या कॉलरींचा ढीग दिसला, तेव्हा कुठं तिला तिचं मशीन मिळालं. तोंड मिटायची अट कुणी घातली नाही.

आता रविवारी दुपारी तिच्या खोलीत पाच-सहा बाया जमतात. सासूबाई मध्यभागी. कुठला सिनेमा लावायचा यावर आधी अर्धा तास वाद. काजं करणारी मैत्रीण प्रेमाचा लावा म्हणते. "प्रेमात काय माणसं कमी भांडतात?" हे टाचणीला पटतं, पण सध्या तिला दुसरंच काही हवंय. कंपनीनं तक्रारीसाठी एक फोन नंबर भिंतीवर लावलाय. पलीकडचा माणूस भरभर इंग्रजी बोलतो, आणि त्याचं तोंड दिसत नाही म्हणून तिला निम्मं कळत नाही. दोनदा तिनं घाबरून फोन ठेवला.

"प्रेमाचा लावू," ती म्हणते, "पण त्यातली दोघं लांब राहणारी हवीत. सगळं फोनवरच बोलणारी."