निजून मऊ केलेली चादर

शेवगावजवळच्या त्या मावशी आपल्याच रानातल्या कापसाचं सूत कातून घरीच चादरी विणतात. त्यांना एक खोड आहे. आलेल्या माणसाच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघितल्याशिवाय त्या ‘बसा’ म्हणत नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची पाठ सोलवटली होती. ती कुशीवरच पडून असायची. तिच्यासाठी मी नवी चादर मागायला गेलो, तेव्हा आईच्या पाठीचं ऐकून मावशींनी बाहीला हात लावला नाही. अंगणातल्या दोरीवरून त्यांनी स्वतःची धुतलेली जुनी चादर काढली.

“नवी टोचती. ही आमी निजून निजून मऊ केलीय.”

“मग तुम्ही?”

“आमी नव्यावर निजू. आमची पाठ निबर हाय.”

घरी येऊन चादर अंथरली. आईनं तिच्यावरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकली.