पाहुणे येणार म्हणून लपवलेला पंप

मैत्रिणींनो, दवाखान्यातूनच लिहून राहिली.

आज दवनीवाड्याला, सासरी, नणंदेला पाहायला पाहुणे आले होते. माझी सात वर्षांची ओवी मागच्या खोलीत जुन्या रजयांवर भावंडांसोबत उड्या मारत होती. तिला दमा आहे. अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची ॲलर्जी. नवऱ्याची पोस्टिंग लेहला होती तेव्हा पंप क्वचितच लागायचा. उंचावरच्या कोरड्या हवेत ते किडे फारसे टिकत नाहीत, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. इथल्या दमट हवेत आल्यापासून पंप सोबतच ठेवावा लागतो.

मी पाहुण्यांना पोहे देत होती, तेवढ्यात ओवी धापा टाकत आली. पर्स उघडली, तर पंपच नाही!

"पंप कोणी घेतला?" मी ओरडली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्या कपाटात ठेवला. पाहुण्यायनं पाहिला तर म्हणतीन, या घरात दम्याची बिमारी आहे."

किल्ली सापडून कपाट उघडेपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते. पंप दिला, तसंच गोंदियाला दवाखान्यात आणलं. आता बरी आहे.

सासूबाईंचा फोन आला. पहिला प्रश्न, "तू पाहुण्यायसमोर काऊन ओरडली?"

आणि ओवी मला विचारते, "आई, पाहुणे गेले का? आता पंप घेतला तर चालते?"

तिला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.